परका दात, आपली हिरडी

लंडनच्या हंटेरियन संग्रहालयात शेकडो काचेच्या बरण्या रांगेने मांडलेल्या आहेत. त्यातल्या एका बरणीत कोंबड्याच्या डोक्याचा उभा छेद आहे आणि त्याच्या तुऱ्यात एक दात रुतलेला आहे. कोंबड्याला दात नसतात. हा दात माणसाचा आहे. सुमारे अडीचशे वर्षांपूर्वी जॉन हंटर नावाच्या शल्यवैद्याने तो तुऱ्यात रोवला आणि तो तिथे चक्क धरला.

आज दात पडला किंवा काढावा लागला की दंतवैद्य इम्प्लांटचा पर्याय सांगतात. जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवतात, काही महिन्यांनी त्यावर एक छोटी धातूची टोपी लावून हिरडीला आकार देतात आणि शेवटी त्यावर दात चढवतात. या मधल्या टोपीला हीलिंग अबटमेंट किंवा हीलिंग कॅप म्हणतात. ती किती रुंद आणि किती उंच घ्यायची, हे ठरवणे वरवर किरकोळ वाटते. मात्र नवा दात हिरडीतून उगवल्यासारखा दिसणार की वर ठेवल्यासारखा, हे बरेचसे त्या मापावर अवलंबून असते.

पडलेल्या दाताच्या जागी जे बसवायचे ते तिथल्या मापाचे हवे आणि आजूबाजूच्या जिवंत पेशींनी ते स्वीकारायला हवे, या दोन अटींचा हंटरने गांभीर्याने विचार केला होता. पहिली अट त्याला नीट कळली. दुसरी कळली असे त्याला वाटले, पण ती कळली नव्हती. त्या चुकीची किंमत त्याच्या काळातल्या बऱ्याच लोकांनी मोजली.

शाळेत न रमलेला मुलगा

जॉन हंटरचा जन्म १७२८ च्या फेब्रुवारीत स्कॉटलंडमध्ये ईस्ट किलब्राइडजवळच्या लाँग काल्डरवुड या शेतवाडीवर झाला. दहा भावंडांत तो शेंडेफळ. (त्याच वर्षी पॅरिसमध्ये पिएर फोशार याचा दंतवैद्यकावरचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. आधुनिक दंतवैद्यकाची सुरुवात त्या ग्रंथापासून मानतात.) जॉनला शाळा आवडत नसे. पुस्तकापेक्षा मुंग्या, मधमाश्या, पक्षी आणि बेडकांची पिल्ले यांच्यात त्याचे मन रमे. तेराव्या वर्षी वडील गेले आणि त्याच सुमारास शाळाही सुटली. पुढे आयुष्यभर त्याचे लिखाण अडखळतच राहिले.

त्याचा दहा वर्षांनी मोठा भाऊ विल्यम मात्र शिकून लंडनला गेला होता आणि प्रसूतिशास्त्रात नाव कमावत होता. कॉव्हेंट गार्डन भागात त्याने शरीररचनाशास्त्राची खासगी शाळा काढली होती. १७४८ मध्ये वीस वर्षांचा जॉन भावाच्या हाताखाली काम करायला लंडनला पोहोचला. विल्यमने त्याला विच्छेदनासाठी एक हात दिला आणि स्नायू मोकळे करायला सांगितले. जॉनने ते काम इतक्या सफाईने केले की पुढची सुमारे बारा वर्षे त्याचा मुक्काम विच्छेदनाच्या टेबलापाशीच राहिला.

त्या काळी इंग्लंडमध्ये विच्छेदनासाठी कायद्याने फक्त फाशी दिलेल्या गुन्हेगारांचे मृतदेह मिळत. ते पुरेसे नसत. त्यामुळे दफनभूमीतून रात्री प्रेते उकरणाऱ्या टोळ्यांचा धंदा जोरात होता आणि शरीरशास्त्राच्या शाळा त्यांच्या नेहमीच्या गिऱ्हाईक होत्या. शाळेसाठी अशी प्रेते मिळवण्याचे काम जॉनकडे होते. शास्त्रासाठी लागणारे शरीर कुठून, कोणाकडून आणि कोणाच्या संमतीने येते, हा प्रश्न त्याला फारसा पडला नाही. त्याच्या चरित्रात हा प्रश्न पुढे पुन्हा पुन्हा येतो.

विच्छेदनाबरोबर त्याने विल्यम चेसेल्डन आणि पर्सिव्हल पॉट या नामांकित शल्यवैद्यांच्या हाताखालीही धडे घेतले. पण त्याचा भरवसा ग्रंथांपेक्षा स्वतःच्या डोळ्यांवर आणि बोटांवर अधिक होता.

रणांगणावरचा धडा

१७६० मध्ये हंटर सैन्यात शल्यवैद्य म्हणून दाखल झाला. पुढच्या वर्षी फ्रान्सच्या किनाऱ्याजवळच्या बेल-ईल बेटावर इंग्रजांनी हल्ला केला, तेव्हा तो तिथे होता. बंदुकीची गोळी लागली की जखम आणखी रुंद कापायची आणि गोळी शोधून काढायची, अशी तेव्हाची रीत होती. हात आणि हत्यारे धुण्याची कल्पना कोणालाच नव्हती. परिणामी जखमी सैनिक गोळीपेक्षा उपचारानेच जास्त दगावत.

काही फ्रेंच सैनिक जखमी अवस्थेत लपून राहिले होते. अनेक दिवस त्यांच्यावर कोणीही शस्त्रक्रिया केली नाही. ते सापडले तेव्हा, जखमा कापून मोठ्या केलेल्या इंग्रज सैनिकांपेक्षा त्यांची स्थिती बरी निघाली. हंटरने हे नोंदवून ठेवले. शरीराकडे स्वतःला सांधण्याची ताकद असते, शल्यवैद्याने ती ओळखून तिच्या आड येऊ नये, हा विचार त्याच्या मनात पक्का झाला. रक्तातून होणारी दुरुस्ती, हाड जुळणे, जखम भरणे या सगळ्यांकडे तो याच नजरेने पाहू लागला.

पोर्तुगालच्या मोहिमेनंतर १७६३ मध्ये तो लंडनला परतला. सैन्याचा अर्धा पगार चालू होता, पण भावाच्या शाळेतली त्याची जागा दुसऱ्याला मिळाली होती आणि खासगी रुग्ण नव्हते. अशा वेळी त्याने एक वेगळी वाट धरली. शल्यवैद्य ज्या कामाला हलके समजत, त्या दातांच्या कामात तो शिरला.

दातांचा अभ्यास

अठराव्या शतकातल्या लंडनमध्ये दातांची स्थिती वाईट होती. वसाहतींतून येणारी साखर श्रीमंतांच्या चहात, मिठाईत आणि मुरंब्यात भरपूर पडत होती आणि त्याबरोबर दात किडत होते. दात उपटायचे काम न्हावी, जत्रेतले दात काढणारे आणि थोडेसे शिकलेले दंतवैद्य करत. हंटरने जेम्स स्पेन्स या लंडनच्या दंतवैद्याबरोबर काही वर्षे काम केले. स्पेन्सकडे रुग्ण होते, हंटरकडे शरीररचनेचे ज्ञान होते. शेकडो जबडे त्याने स्वतः उघडून पाहिले होते.

या कामातून १७७१ मध्ये मानवी दातांच्या नैसर्गिक इतिहासावरचा त्याचा ग्रंथ निघाला. जबड्याची आणि दातांची नेमकी चित्रे यान व्हॅन रिम्सडाइक या चित्रकाराने काढली होती. दात जबड्याच्या आत कसे तयार होतात, दुधाचे दात पडून कायमचे कसे येतात, जबडा कोणत्या बाजूने वाढतो, हे सगळे त्यात क्रमाने मांडले होते. डुकरांना मंजिष्ठेची मुळे खाऊ घालून, त्या लाल रंगामुळे वाढते हाड आणि दाताचा नवा थर कुठे रंगतो, हे त्याने पाहिले होते. दातांचे चार गट करून सुळे आणि उपदाढा यांना त्याने दिलेली नावे आजही इंग्रजी दंतवैद्यकात वापरात आहेत. १७७८ मध्ये याच विषयाचा दुसरा भाग आला. तो दातांच्या रोगांविषयी आणि उपचारांविषयी होता.

त्यातला एक सल्ला आजही बराचसा टिकून आहे. धक्क्याने किंवा अपघाताने दात मुळासकट निघाला तर तो लगेच पुन्हा त्याच जागी बसवावा, असे हंटरचे सांगणे होते. आज दंतवैद्य तेच सांगतात, फक्त कारण अधिक नेमकेपणाने कळले आहे. मुळावरच्या जिवंत पेशी कोरड्या पडल्या की काही मिनिटांत मरू लागतात. म्हणून मोठ्या माणसाचा किंवा मोठ्या मुलाचा कायमचा दात निघाला तर तो वरच्या बाजूने धरावा, मूळ घासू नये, शक्य तर जागेवर बसवावा. ते जमले नाही तर तो दुधात ठेवून तासाभरात दंतवैद्य गाठावा. दुधाचा दात मात्र परत बसवत नाहीत.

दाताचे कलम

हंटरला खरी ओढ होती ती दुसऱ्याच्या दाताची. ही कल्पना त्याची नव्हती. फ्रान्समध्ये त्याच्या आधीपासून असे प्रयोग होत होते आणि फोशारनेही त्यांची दखल घेतली होती. हंटरने मात्र त्यामागे शास्त्र उभे केले. कोंबड्याच्या पायाची आरी काढून तिच्या तुऱ्यावर लावली तर ती तिथे जगते, हे त्याने पाहिले होते. मग त्याने माणसाचा नुकता काढलेला निरोगी दात घेतला, तुऱ्याच्या जाड भागात खोल चीर पाडली, मूळ त्यात दाबून बसवले आणि धाग्यांनी बांधले. काही महिन्यांनी कोंबडा मारून त्याच्या डोक्याच्या रक्तवाहिन्यांत रंगीत द्रव भरला आणि तुरा दातासकट उभा चिरला. दाताच्या आतल्या वाहिन्यांत रंग पोहोचलेला दिसला. दाताचा बाहेरचा पृष्ठभागही तुऱ्याशी सर्वत्र जुळलेला होता.

हंटर प्रामाणिक निरीक्षक होता. हा प्रयोग बहुतेक वेळा फसतो आणि पुष्कळ प्रयत्नांत एकदाच जमला, हे त्याने लिहून ठेवले. तरीही त्या एका यशातून त्याने मोठा निष्कर्ष काढला. ताजा दात जिवंत असतो, त्यामुळे तो नव्या जागी रुजू शकतो, असे त्याला वाटले. बसवायच्या दाताला त्याने बागकामातला शब्द वापरला, कलमाच्या फांदीसाठी असतो तो. हापूसची काडी रायवळ आंब्याच्या रोपावर बांधतात, तसा एका माणसाचा दात दुसऱ्याच्या जबड्यावर बांधायचा, असे ते चित्र होते.

कलम बांधताना काडी आणि खुंट यांची जाडी जुळावी लागते. हंटरने दातांसाठीही मापावर भर दिला. समोरचे दात, सुळे आणि उपदाढा यांचेच रोपण करावे, कारण त्यांची मुळे साधी असतात. दाढांना दोन-तीन फाकलेली मुळे असतात आणि त्या दुसऱ्याच्या खोबणीत बसण्याची शक्यता जवळजवळ नसते. नवा दात निरोगी तोंडातला आणि तरुण माणसाचा असावा. जुना दात काढल्याबरोबर वेळ न घालवता नवा बसवावा आणि शेजारच्या दातांना बांधून स्थिर ठेवावा, म्हणजे तो हलणार नाही.

बाहेरून पाहून दाताचे मूळ किती लांब आणि जाड आहे हे कळत नाही. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून शंभराहून अधिक वर्षे होती. यावर हंटरने सुचवलेला उपाय असा की दात देणारी एकापेक्षा जास्त माणसे आधीच हजर ठेवावीत. पहिल्याचा दात बसला नाही तर दुसऱ्याचा काढून पाहावा. मापाचा प्रश्न त्याने असा सोडवला. नाकारला गेलेला दात मूळ मालकाच्या तोंडात परत रुजेलच याची काही खात्री नव्हती. ज्याचा दात बसला नाही, त्या माणसाला दातही गमवावा लागे आणि वेदनाही सोसावी लागे. भूल देण्याची सोयही तेव्हा नव्हती.

गरिबांची तोंडे

हंटरचे नाव मोठे होत होते. १७६७ मध्ये तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला, १७६८ मध्ये सेंट जॉर्ज रुग्णालयात शल्यवैद्य म्हणून नेमला गेला, १७७६ मध्ये राजा तिसरा जॉर्ज याच्या शल्यवैद्यांत त्याची नेमणूक झाली. अशा माणसाने दातांच्या रोपणाला पाठबळ दिल्यावर ते लंडनच्या श्रीमंत घरांत फॅशन झाले. दात विकणारे होते धुराडी साफ करणारी मुले, मोलकरणी, उपाशी तरुण.

१७८७ मध्ये टॉमस रोलँडसन या व्यंगचित्रकाराने या धंद्यावर चित्र काढले. त्यात एका तरुण धुराडीवाल्याचा दात उपटला जात आहे, शेजारी नटलेली बाई तो आपल्या तोंडात बसण्याची वाट पाहत आहे आणि दाराकडे दोन फाटकी पोरे गाल धरून, हातातल्या पैशांकडे पाहत बाहेर पडत आहेत. जिवंत दातांना चांगला भाव मिळेल, अशी पाटीही चित्रात आहे.

दरम्यान वाईट बातम्या येऊ लागल्या. दात बसवून घेतलेल्या काही जणांच्या हिरड्यांत व्रण झाले, अंगावर चट्टे उठले आणि काही जण दगावले. परक्या दाताबरोबर उपदंश म्हणजे सिफिलिस येतो, असे डॉक्टर म्हणू लागले. हंटरने १७८६ मध्ये गुप्तरोगांवर ग्रंथ लिहिला आणि त्यात या रुग्णांची चर्चा केली. पण हा खरा उपदंश असावा, हे त्याला पटले नाही. रोग जंतूंमुळे होतात हे तेव्हा माहीत नव्हते आणि परमा व उपदंश हे एकाच रोगाचे प्रकार आहेत, असा त्याचा गैरसमज होता. पुरावा पाहिल्याशिवाय काहीही न मानणारा हा माणूस स्वतःच्या लाडक्या कल्पनेविरुद्धचा पुरावा मात्र कमी लेखत होता.

शिवाय जे दात सुरुवातीला बसले, तेही टिकत नसत. काही महिने किंवा काही वर्षे गेली की मूळ झिजत जाई आणि दात सुटे. शतक संपता संपता हा प्रकार मागे पडला. १८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईनंतर मृत सैनिकांचे दात गोळा करून कवळ्यांत बसवले गेले. त्या दातांचे रुजणे वगैरे काही अपेक्षितच नव्हते.

संग्रह, शिष्य आणि शेवट

दातांचे काम हा हंटरच्या आयुष्याचा एक भाग होता. गुडघ्यामागच्या धमनीला फुगा आला की पाय कापण्याची पद्धत होती. १७८५ मध्ये त्याने फुग्याच्या वरच्या बाजूला, निरोगी धमनीवर गाठ बांधून पाय वाचवला, कारण आजूबाजूच्या बारीक वाहिन्या रक्ताची वाट शोधतात हे त्याला माहीत होते. कवयित्री अ‍ॅन होम ही त्याची पत्नी. तिच्या कवितांना संगीतकार हायडनने चाली दिल्या. पुढच्या दालनात तिच्या मैफली होत आणि मागच्या दाराने नवऱ्यासाठी प्राणी आणि मृतदेह येत. लेस्टर स्क्वेअरच्या त्यांच्या घरात सुमारे चौदा हजार नमुन्यांचा संग्रह उभा राहिला.

त्या संग्रहात चार्ल्स बर्न या आयरिश तरुणाचा सांगाडाही होता. साडेसात फुटांहून उंच असलेला बर्न लंडनमध्ये खेळ दाखवून पोट भरत असे. मेल्यावर शरीर शल्यवैद्यांच्या हाती लागू नये म्हणून आपल्याला समुद्रात बुडवावे, अशी त्याची इच्छा होती. १७८३ मध्ये तो वारला तेव्हा हंटरने पैसे देऊन त्याचे शव मिळवले. दोन शतकांहून अधिक काळ तो सांगाडा लोकांनी पाहिला. २०२३ मध्ये संग्रहालय दुरुस्तीनंतर पुन्हा उघडले, तेव्हा तो प्रदर्शनातून काढण्यात आला होता.

हंटरचा लाडका शिष्य एडवर्ड जेन्नर. गावी परतल्यावरही तो गुरूला पत्रे लिहून शंका विचारी आणि नुसता तर्क करत बसण्यापेक्षा प्रयोग करून पाहा, असा हंटरचा त्याला सांगावा असे. पुढे १७९६ मध्ये जेन्नरने देवीच्या लसीचा प्रयोग केला आणि १८०२ मध्ये ती लस मुंबईत पोहोचली.

हंटरला अनेक वर्षे छातीत कळा येत. हा विकार हृदयाच्या धमन्या कठीण झाल्यामुळे होतो, असा जेन्नरचा अंदाज होता. गुरूला धक्का बसू नये म्हणून तो याबद्दल उघड बोलला नाही. हंटर तापट होता आणि कोणीही आपल्याला चिडवून मारू शकेल, असे तो स्वतःच म्हणे. १६ ऑक्टोबर १७९३ रोजी सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या बैठकीत विद्यार्थ्यांच्या प्रवेशावरून वाद झाला. हंटर रागाने शेजारच्या खोलीत गेला आणि तिथेच कोसळला. शवविच्छेदनात त्याच्या हृदयाच्या धमन्या कठीण झालेल्या आढळल्या. सरकारने १७९९ मध्ये त्याचा संग्रह विकत घेतला आणि शल्यवैद्यांच्या संस्थेकडे सोपवला.

जे हंटरला कळले नाही

हंटरच्या मृत्यूनंतर वर्षभराने, ऑक्टोबर १७९४ मध्ये, लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये पुण्याजवळची एक हकिकत छापून आली. टिपू सुलतानाच्या सैनिकांनी नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला एका देशी वैद्याने कपाळाची कातडी वळवून नवे नाक करून दिले होते आणि ते टिकले होते. कावसजीचे नाक टिकले आणि लंडनच्या बायकांचे विकत घेतलेले दात गळले. दोन्हींतला फरक कारागिरीचा नव्हता. कावसजीची कातडी त्याची स्वतःची होती.

शरीर आपले आणि परके ओळखते आणि परक्यावर हल्ला करते, हे विसाव्या शतकात पीटर मेडावार यांच्या त्वचारोपणाच्या प्रयोगांतून स्पष्ट झाले. त्यांना १९६० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. दुसऱ्याचा दात कितीही मापाचा असला तरी तो परकाच होता. आज दंतवैद्य कधीकधी रुग्णाचीच अक्कलदाढ काढून त्याच्याच दुसऱ्या दाढेच्या जागी लावतात. ती टिकू शकते, याचे कारण तेच.

दुसरा मार्ग स्वीडनमध्ये सापडला. १९५२ मध्ये पेर-इंगवार ब्रोनेमार्क हे सशांच्या हाडात टायटॅनियमची नळकांडी बसवून रक्तप्रवाह पाहत होते. ती काढायची वेळ आली तेव्हा निघेनात, इतके हाड त्यांना चिकटले होते. टायटॅनियमच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ थर असतो. शरीर त्याला परके म्हणून झिडकारत नाही. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्यांदा माणसाच्या जबड्यात असे दंतरोपण केले. हंटरला जी अट सुटली नव्हती ती इथे सुटली आणि मापाची अट पुन्हा पुढे आली.

टोपीचे माप कसे ठरते

इम्प्लांट हाडाशी जुळायला साधारण तीन ते सहा महिने लागतात. बऱ्याचदा तेवढा काळ तो हिरडीखाली झाकून ठेवतात. मग हिरडी उघडून हीलिंग कॅप बसवतात आणि हिरडी तिच्याभोवती काही आठवडे भरू देतात. कॅपची उंची हिरडीच्या जाडीवरून ठरते. वरचे टोक हिरडीच्या साधारण एक ते दोन मिलिमीटर वर राहावे, असा अंदाज असतो. ती आखूड पडली तर हिरडी वरून वाढून तिला झाकून टाकते आणि पुन्हा कापावे लागते. जास्त उंच झाली तर जीभ, गाल आणि समोरचा दात तिच्यावर आपटतात आणि इम्प्लांटवर नको तेव्हा भार येतो.

रुंदी पुढे येणाऱ्या दातावरून ठरते. खालच्या पटाशीच्या दाताला अरुंद टोपी पुरते, दाढेला रुंद लागते. दाढेच्या जागी अरुंद टोपी ठेवली तर हिरडीतले भोक लहान राहते, त्यावर रुंद दात अचानक फाकल्यासारखा बसतो आणि त्याच्या कडेखाली अन्न अडकते. उलट टोपी फार रुंद असेल तर हिरडी ताणली जाऊन पांढरी पडते. हा पांढरेपणा काही मिनिटांत गेला तर चालते. तो राहिला तर तिथला रक्तपुरवठा दबला आहे असे समजून लहान टोपी घ्यावी लागते, नाहीतर हिरडी मागे सरते. समोरच्या दातांत हे विशेष जपावे लागते, कारण तिथे हिरडीची एका मिलिमीटरची उतरणही हसताना दिसते. टोपी इम्प्लांटवर पूर्ण टेकली आहे, मध्ये हिरडी किंवा हाड अडकलेले नाही, हे एक्स-रे काढून पाहता येते. ती त्याच इम्प्लांटच्या जोडणीची असावी लागते. दिसायला सारखी म्हणून दुसऱ्या प्रकारची चालत नाही.

रुग्णाने स्वतः माप ठरवायचे नसते, पण काही गोष्टी विचाराव्यात. टोपी बसवल्यावर एक्स-रे काढणार का, ती किती आठवडे ठेवायची, त्या जागी ब्रश कसा फिरवायचा, हे विचारून घ्यावे. वापरलेल्या इम्प्लांटचे नाव आणि आकार लिहून मागावा. काही वर्षांनी दुसऱ्या गावात दंतवैद्य बदलावा लागला तर तोच कागद उपयोगी पडतो. टोपी सैल वाटली, हिरडी तिच्यावर चढू लागली, पू किंवा सतत ठणका असला तर थांबू नये. टोपी निघून हातात आली तर ती जपून ठेवून त्याच दिवशी दवाखान्यात जावे, कारण उघडी हिरडी एक-दोन दिवसांतही आक्रसू लागते.

हंटरच्या काळी योग्य माप सापडण्यासाठी दोन-तीन गरिबांना खुर्चीशेजारी उभे करावे लागे. आज त्या वेगवेगळ्या मापांच्या टोप्या निर्जंतुक पाकिटांत एका लहानशा डबीत मावतात. चुकीची निघाली तर ती काढून दुसरी लावता येते आणि त्यासाठी कोणाच्या तोंडातला दात जात नाही.